हो म्हणणारं घर

"मुलगी देणार का, बोल!"

संयोगितेनं दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं होतं. पायरीखाली उभा असलेला तिचा भाऊ, म्हणजे त्या दिवशी दुपारीच झालेला आमचा जावई, दात काढत म्हणाला, "देणार की! पहिली मुलगी तुझीच सून."

सगळे हसले. हसायचंच असतं. लग्न लावून जोडपं घरी आलं की नवऱ्याच्या बहिणीनं दार अडवायचं, तुझी मुलगी माझ्या मुलाला दे म्हणायचं, भावानं हो म्हणायचं, ओवाळणी टाकायची आणि दार मोकळं. पुढं त्यातलं काही खरं व्हायचं असतं असं कुणी धरत नाही. हो म्हणणं महत्त्वाचं.

मी नवरीच्या मागं उभी होते, पाठराखीण म्हणून. मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक जाणती बाई तिच्याबरोबर धाडतात, ती पाठराखीण. ह्या कामाला खरं तर गोड बोलणारी बाई लागते. पण माझ्या भावाच्या घरातल्या गोड बायका लग्नाच्या धावपळीत आडव्या झाल्या होत्या, म्हणून मला गाडीत बसवलं. मी शालन जगदाळे. साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून केस पांढरे केले, लग्न केलं नाही, आणि तोंडाची फटकळ. स्वरूपा माझी भाची. तिनं वाटेत माझ्या कानात सांगितलं होतं, "आत्या, तिथं कुणाला काही बोलू नकोस हं." मी हो म्हटलं होतं. बघा, ती सवय मलाही होती.

ही विट्याची गोष्ट. शिर्क्यांचा बंगला गावाबाहेरच्या रस्त्यावर, फाटकाच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन हत्ती, आणि लग्नासाठी त्यांना सोनेरी रंग दिलेला. हत्ती पाहिले तेव्हाच मला घराचा अंदाज यायला हवा होता. ज्यांना आत काही सांभाळता येत नाही ते फाटकावर फार खर्च करतात.

घरात माणसं तशी मोजकी. आप्पासाहेब शिर्के, नवऱ्या मुलाचे वडील, द्राक्षबागाईतदार, मिशा भरदार आणि त्यांच्यामागं काही नाही. त्यांच्या थोरल्या भावजय, ज्यांना सगळे काकी म्हणत. त्यांनीच ही आई नसलेली दोन मुलं वाढवली. मोठी संयोगिता. धाकटा धैर्यशील. नाव ठेवताना आईबापांनी त्याच्यात काय पाहिलं होतं देव जाणे. दिसायला राजबिंडा, बोलायला लाघवी, पुण्यात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिथं त्यानं फ्लॅट घेतला होता. आमची स्वरूपा हाडा-स्नायूंचे व्यायाम शिकवणारी, फिजिओथेरपिस्ट. तिला पुण्याच्या एका रुग्णालयात जागा मिळाली होती आणि पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. लग्न ह्याच बोलीवर ठरलं होतं, की दोघं पुण्यात राहणार. धैर्यशीलनं आमच्या बैठकीच्या खोलीत बसून, चहाची बशी हातात धरून, तीनतीनदा सांगितलं होतं. "शब्द आहे माझा."

शब्दाची त्या घरात कमी नव्हतीच. रेलचेल होती.

संयोगितेचा पहिला नमुना मी सकाळीच कार्यालयात पाहिला. नवरीच्या खोलीत ती वाऱ्यासारखी शिरली, स्वरूपाला कडकडून मिठी मारली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मला बहीण नव्हती. आज मिळाली. तुला मी कधीच सोडणार नाही." मग स्वतःच्या हातानं तिची वेणी माळली, मुंडावळ्या नीट केल्या, स्वरूपाच्या मावसबहिणींना बाजूला सारून स्वतः पाठीशी उभी राहिली. पोर देखणी होती, डोळे तर असे की बघत राहावं. आमच्याकडच्या बायका विरघळल्या. "नणंद असावी तर अशी." मी विरघळले नाही. वसतिगृहात पहिल्याच दिवशी जी मुलगी दुसरीच्या गळ्यात पडून जन्माच्या आणाभाका घेते, तिची तक्रार दिवाळीच्या आत माझ्या टेबलावर येते.

इथं दिवाळीपर्यंतही थांबावं लागलं नाही. पंगतीत स्वरूपाच्या मैत्रिणी तिच्याशी काही बोलत होत्या, आणि संयोगितेनं पुढं केलेला जिलबीचा घास तिला दिसला नाही. एवढंच. घास पानात आपटला. "मुद्दाम तोंड फिरवलं हिनं. पहिल्या दिवसापासून नाटकं." आणि ती जाऊन गाडीत बसली, काचा वर. मग आप्पासाहेब, दोन चुलते आणि खुद्द नवरदेव बाशिंग सावरत त्या गाडीभोवती उभे राहून काच वाजवत होते. "ये की गं. तू म्हणशील तसं करू. फोटो तुझ्याशिवाय काढायचाच नाही." तासाभरानं ती हसत उतरली आणि स्वरूपाच्या गालाचा मुका घेतला. शिर्के मंडळी सुटकेचा श्वास टाकून परत जेवायला बसली.

काकी माझ्या शेजारी होत्या. म्हणाल्या, "मनावर घिऊ नका, आत्याबाई. स्वभाव हाय तिचा. राग नाकावर, पर मनानं लोणी हाय पोर."

"लोणी उन्हात ठेवायचं नसतं, काकी," मी म्हटलं.

"आता काय सांगायचं. तिचं बी लगीन झालं हुतं बारामतीला. नवऱ्याला यायला उशीर झाला, फोन न्हाई केला, तर हिनं टीव्ही फोडला. सकाळी त्याचं पाय धरून रडत हुती. त्यो भ्याला. माहेरी आणून सोडली ती परत न्याया आलाच न्हाई."

"कुठं दाखवलं का कुणाला?"

"कुणाला म्हंजी? येडी थोडीच हाय ती!"

झालं. वेडी नाही म्हणजे स्वभाव, आणि स्वभावाला औषध नाही. आपल्याकडं ह्या दोन डब्यांशिवाय तिसरा डबा नसतो. अशा मनाला डॉक्टरांकडं नाव असतं आणि उपचारही असतो, हे मला खूप पुढं मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आपल्याला सोडून जातील ही भीती आणि राग, ह्या अशा माणसात दोन वेगळ्या गोष्टी नसतात. भीती आत दाटली की रागाच्याच वाटेनं बाहेर पडते, आणि कुणी नुसतं दुसरीकडं पाहिलं तरी त्यांना ते टाकून दिल्यासारखं दिसतं. मी विचारलं, "आणि जे घरचे हे वर्षानुवर्षं बघत बसतात त्यांना काय झालेलं असतं?" त्याचं नाव मात्र बाईंनी सांगितलं नाही.

तर, दार अडवलेलं. उन्हं कलली होती. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं पितळी माप ठेवलेलं. नवरीनं ते उजव्या पायानं लवंडायचं आणि आत जायचं. धैर्यशील एक पायरी पुढं, स्वरूपा त्याच्या मागं, मी तिच्या मागं.

"हो म्हणालास ना? आता दुसरं," संयोगिता म्हणाली. "मला सोडून जाणार नाहीस म्हण."

"नाही जाणार."

"तिच्याकडं बघून म्हण."

धैर्यशील वळला. बायकोकडं बघून, डोळा मिचकावत म्हणाला, "ताईला सोडून कुठंही जाणार नाही." पुन्हा हशा. आप्पासाहेब तर मिशांतून खदखदत होते.

"पुण्याची नोकरी सोडतो म्हण."

"सोडली! बस?"

इतक्या पटकन. आमच्या घरी चहाची बशी धरून म्हणाला होता तितक्याच पटकन, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं. माझ्यासमोर स्वरूपाची मान होती. ती ताठ झालेली मला दिसली. बाकी कुणाला काही दिसलं नाही. त्यांच्या लेखी खेळ रंगला होता.

पण दारातली मुलगी खेळत नव्हती. प्रत्येक "हो"बरोबर तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी उतरत होता. मागितलं ते मिळत होतं आणि ती कासावीस होत होती. तिथं उभ्या असलेल्या त्या सगळ्या शहाण्यांना, जे तिला जन्मापासून ओळखत होते, हे एवढंसं कळू नये?

तेवढ्यात फोटोग्राफर धैर्यशीलच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाला. उजेड जातोय, लवकर आटपा, असलं काही. धैर्यशील हसला.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही गं."

"माझ्यावर हसलात. माझा मुलगा कुठाय म्हणून हसलात ना? माझं लग्न मोडलं म्हणून?"

"अगं नाही गं ताई, तुझ्या गळ्याची शपथ—"

तिनं खाली वाकून माप उचललं आणि फेकलं.

आता ऐका. फेकलं ते भावावर. आणि भाऊ खाली वाकला. इतका झटकन आणि इतका सराईतपणे वाकला की त्याला ह्याची सवय आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. फक्त आपल्या मागं कुणी उभं आहे हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. पितळी माप स्वरूपाच्या भुवईवर बसलं. तांदूळ सगळीकडं उडाले. ती मटकन पायरीवर बसली, आणि मुंडावळ्यांवरून रक्ताचा ओघळ शालूवर उतरला.

ह्यापुढचं मी आयुष्यात विसरायची नाही. रक्त बघून संयोगिता किंचाळली. "मी नाही! मला नव्हतं मारायचं! मारा मला, मला मारा!" आणि स्वतःचं कपाळ चौकटीवर आपटायला लागली. तशी सगळी वरात, आप्पासाहेब, काकी, चुलते, नवरदेव, सगळे धावले. तिच्याकडं. कुणी हात धरले, कुणी कपाळाखाली तळवा दिला, कुणी पाणी आणलं. ती त्यांच्या हातांतून निसटली, आत पळाली, आणि कुठलं तरी दार धाडकन लागलं. ते सगळे तिच्यामागं आत. बाहेर अंगणात आम्ही दोघी आणि फोटोग्राफर. त्यानं कॅमेरा खाली घेतला होता. त्या घरच्या माणसांपेक्षा त्याला बरी लाज होती.

मी रुमाल दाबून धरला. जखम उथळ होती. बैठकीतल्या ताटातली हळद मीच जाऊन आणली आणि भरली. स्वरूपा रडत नव्हती. अंगणातल्या मांडवात खुर्चीवर बसून ती दाराकडं बघत होती.

थोड्या वेळानं धैर्यशील बाहेर आला. वाटलं, आता तरी हा बायकोजवळ बसेल.

"स्वरूपा, फार नाही ना लागलं?" तो म्हणाला. आणि उत्तराची वाट न बघता, "ऐक ना. तिनं बाथरूममध्ये कोंडून घेतलंय. काहीबाही बोलतीय. तू जरा दाराशी येऊन तिला सॉरी म्हणशील का? म्हणजे ती शांत होईल."

मी तोंड उघडलं. स्वरूपानं माझा हात दाबला.

"मी कशाबद्दल सॉरी म्हणू?" तिनं विचारलं.

"कशाबद्दल असं नाही गं. नुसतं म्हणायचं. आम्ही सगळे तसंच करतो." तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. चेहरा खरोखरच कळवळलेला. "तुला वचन देतो, परत असं होणार नाही."

"नोकरी सोडणार आहेस?"

"छे! वेडी आहेस का? ते तिला म्हणायचं असतं."

"आणि मला काय म्हणायचं असतं?"

प्रश्न त्याला समजलाच नाही असं मला वाटतं. मग आतून आप्पासाहेबांची हाक आली आणि तो "आलोच" म्हणून धावला.

"आत्या," स्वरूपा म्हणाली, "ती आत खरंच काही करून घेईल का?"

"तुझं डोकं फोडलं तिनं आणि तू तिची काळजी करतेस?"

"तू रेक्टर आहेस. बघ जा ना."

त्या क्षणी मला भाचीचा रागच आला. पण उठले. दया आली म्हणून नव्हे. आतल्या त्या पुरुषांचे आवाज ऐकवेनात म्हणून उठले.

बाथरूमच्या दाराबाहेर बाजार भरला होता. "गाडी घेऊन देतो तुला, नवी." "स्वरूपाला उद्याच माहेरी पाठवू, तू म्हणशील तेव्हा आणू." "धैर्या कुठंबी जात न्हाई, म्या सांगतो ना." ही बोली आप्पासाहेबांची. घोरपड धरून किल्ले चढणाऱ्यांचे वंशज म्हणवायचं, आणि बाथरूमच्या कडीपुढं हात जोडून उभं राहायचं. आतून प्रत्येक बोलीला उत्तर म्हणून बादली आपटल्याचा आवाज येत होता.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

"आवो आत्याबाई, तुमी नका मधी पडू. तिला कसं घ्यायचं आमाला म्हाईत हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"ते दिसलंच. माझ्या भाचीच्या कपाळावर आहे सगळं लिहिलेलं. खुर्ची आणा मला, आणि सगळे बैठकीत जाऊन बसा. आत ब्लेड, फिनेल, काही आहे?"

"न्हाई," काकी म्हणाल्या. "मागल्या वर्षापास्नं आमी ठिवतच न्हाई."

म्हणजे तेवढं कळत होतं. वेडी नाही म्हणत होते आणि ब्लेड लपवत होते.

ते गेले. खुर्चीच्या करकरीनं तिला कळलं असावं.

"कोण आहे?"

"मी. पाठराखीण."

"तुम्ही कशाला आलात? जा."

"जाणारच आहे. पाय दुखतात म्हणून बसले."

मग, "ती मेली का?"

"नाही. भुवई फुटलीय. व्रण राहील."

"मला नव्हतं तिला मारायचं."

"भावाला मारायचं होतं. त्याला लागलं असतं तर चाललं असतं का?"

बादली आपटली. मी थांबले. वसतिगृहात मी एवढं शिकले होते की आदळआपट संपेपर्यंत बोलायचं नाही, आणि उठून जायचं तर मुळीच नाही.

"ती जाणार का आता परत?" तिनं विचारलं.

"ते ती ठरवेल. मला ठाऊक नाही."

"राहील म्हणा ना."

"नाही म्हणणार. ठाऊक नाही मला."

"दादा? तो पुण्याला जाणार?"

धाकटा असून त्याला ती दादा म्हणे. लाडानं.

"जाणार," मी म्हटलं. "नोकरी तिथं आहे, घर तिथं घेतलंय. मघाशी दारात तो खोटं बोलला."

मला वाटलं आता दारच फोडून येते. बादलीचा आवाज आला नाही. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग कशाला वदवून घेत होतीस?"

"म्हणतो तेवढा वेळ बरं वाटतं. मग लगेच कळतं, खोटं आहे. मग मला काहीतरी होतं. डोक्यात नुसतं... मग जे हातात येईल ते." ती रडत नव्हती. "जो पटकन हो म्हणतो ना, तो जातोच. आईच्या वेळेलाही सगळे हो म्हणायचे."

"काय झालं होतं आईचं?"

तिनं दाराआडून सांगितलं. आईला ऑपरेशनला मिरजेला नेलं तेव्हा ही दुसरीत होती. आई कधी येणार विचारलं की आप्पासाहेब म्हणत, सोमवारी. सोमवार आला की, पुढच्या सोमवारी. पोर दर सोमवारी शाळेतून आली की फाटकावर चढून बसायची. आई पहिल्याच आठवड्यात वारली होती. दिवसकार्य गावच्या जुन्या घरात उरकलं, पोरांना काकींच्या माहेरी ठेवून. लहान लेकरांना कसं सांगायचं म्हणून कुणी सांगितलंच नाही, वर्ष उलटून गेलं तरी. शेवटी वर्गातली एक मुलगी म्हणाली, तुझी आई मेलीय, सगळ्यांना माहीत आहे. हिनं पाटीनं तिचा दात पाडला.

"घरी आल्यावर मी आप्पांना विचारलं," ती म्हणाली. "आप्पा म्हणाले, खोटं बोलती ती, आई येणार आहे. सोमवारी."

माझा मूळ स्वभाव कठोर आहे. तरी मला तिथं बसवेना. बैठकीतून आप्पासाहेबांच्या बोलण्याचा आवाज येत होता. काय तर, आचाऱ्याला किती पानं सांगू, असं विचारत होते. त्या माणसाबद्दल त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

"ऐक," मी म्हटलं. "तुझं दुखणं खरं आहे. पण कपाळ तिचं फुटलंय, आणि ते आईनं नाही फोडलं, आप्पांनी नाही, तू फोडलंस. हे मी तुला गोड करून सांगणार नाही. बाहेर यायचं तर ये. नाही आलीस तरी मी काही द्यायची नाही, माझ्याकडं काही नाही."

कडी निघाली.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि कपाळावर टेंगूळ. बैठकीत शिरताच सगळे उभे राहिले. "आली! शांत झाली बघा!" काकींनी तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायला घेतल्या. आप्पासाहेब विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघत होते. बघा, झालं की नाही सगळं ठीक? चुलते म्हणाले, आता गृहप्रवेश उरकून घ्या, माणसं जेवायची खोळंबलीत.

स्वरूपा मांडवातून आत आली. उंबरा तिनं नुसताच ओलांडला. तांदूळ नाही, माप नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती संयोगितेच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"खूप लागलं?" संयोगितेनं विचारलं.

"हो."

"मला माफ करशील?"

"आज नाही," स्वरूपा म्हणाली. "पुढं कधी जमलं तर सांगेन."

काकी हळहळल्या. "आगं, म्हण की हो. एक शबुद तर हाय."

संयोगितेला मात्र राग आला नाही. ती स्वरूपाकडं टक लावून बघत राहिली. तिच्या त्या सुंदर डोळ्यांत मी पहिल्यांदाच थोडी स्वस्थता पाहिली. तिला आयुष्यात बहुधा पहिल्यांदा कुणी तोंडावर नाही म्हटलं होतं आणि तिथंच बसून राहिलं होतं.

मग स्वरूपा नवऱ्याकडं वळली. आवाज चढवला नाही.

"धैर्यशील, एक कर. ताईंना आत्ता माझ्यासमोर सांग, की मी पुण्याला राहायला जाणार आहे. एवढंच. त्या रडल्या, ओरडल्या, तरी चालेल. मी इथंच बसते. सुट्टीला येऊ, त्यांना डॉक्टरांकडं नेऊ, मी स्वतः नेते. तू हे एक वाक्य बोललास तर मी ह्या घरची सून राहते, त्यांच्यासकट. नाही बोललास तर मी आत्याबरोबर परत जाते."

"सूनबाई, ह्यो विषय आजच कशाला?" आप्पासाहेब म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं तिनं," मी म्हटलं. भाचीला दिलेला शब्द पुन्हा एकदा मोडला.

धैर्यशीलनं आधी वडिलांकडं पाहिलं. त्यांनी जमिनीकडं पाहिलं. मग काकींकडं. काकी मानेनं नको नको म्हणत होत्या. मग त्यानं बायकोकडं पाहिलं, कपाळावरची हळद पाहिली, आणि मला वाटतं त्या क्षणी त्याला खरंच बोलायचं होतं. ओठ हललेही. एवढा दांडगा पुरुष, आणि पाच शब्दांचं वाक्य त्याच्या घशात अडकलं होतं.

संयोगिता खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसली होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. ती ओरडत नव्हती, धमकावत नव्हती. ती वाट बघत होती. सांग, असं तिचा चेहरा म्हणत होता, सांग एकदाचं. हे मला दिसत होतं, स्वरूपाला दिसत होतं. तिच्याबरोबर लहानाचा मोठा झालेल्या भावाला तेवढं दिसलं नाही.

तो हसला. तेच लाघवी हसू. बहिणीजवळ गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काहीतरीच! ताई, तुला सोडून मी कुठं जाणार गं?"

आप्पासाहेबांनी श्वास सोडला. काकींनी डोळे पुसले. आता ही काहीतरी उचलून फेकणार म्हणून मी स्वरूपाच्या पुढं सरकले.

संयोगितेनं काही उचललं नाही. डोक्यावरचा भावाचा हात तिनं धरून हळूच खाली ठेवला आणि स्वरूपाकडं वळली.

"बघितलंस?" ती म्हणाली.

"बघितलं," स्वरूपा म्हणाली. "आत्या, गाडी काढायला सांग."